सभासदाची साखर आणि तळटीप: स्पर्धा कायद्यावर लेख पाठवताना

दिवाळीनंतर माझा ज्युनिअर वकील स्पर्धा कायद्यावरच्या लेखाचा मसुदा घेऊन ऑफिसात आला. विषय झकास होता. दोन साखर कारखान्यांत किमान हवाई अंतर ठेवायचा नियम आहे, केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात १५ किलोमीटर आणि महाराष्ट्रात २५. या नियमामुळे ऊस कुठं घालायचा हे ठरवायची शेतकऱ्याची मुभा आक्रसते का, असा त्याचा प्रश्न. मी वाचलं, चहा सांगितला आणि विचारलं, "तुमच्या घरी सभासदाची साखर येते की नाही?"

"येते की, मॅडम. दिवाळीची आत्ताच आणली वडिलांनी."

"मग ते यात कुठं लिहिलंय?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. शिरोळ तालुक्यातला पोरगा, घरचा ऊस, वडील सहकारी कारखान्याचे सभासद. कारखाना सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतो, आणि आपल्याकडं हे इतकं रोजचं आहे की त्याला 'हितसंबंध' म्हणायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण लेख वाचणारा दिल्लीत किंवा चेन्नईत बसलेला असतो, त्याला हे कसं कळणार?

मी असं दरडावून विचारते, कारण एकदा मीच तोंडावर आपटलेय. काही वर्षांपूर्वी मी व्यापारी संघटनांच्या 'ना हरकत'वर लेख लिहिला होता. संघटनेनं पत्र दिल्याशिवाय कंपनीनं नवा वितरक नेमायचा नाही, ही पद्धत कायद्यात कशी बसत नाही, असा मुद्दा. त्याच सुमारास अशाच एका संघटनेच्या नोटिशीला उत्तराचा मसुदा मी करून दिला होता. वकीलपत्र दुसऱ्याच्या नावावर, मला फक्त मसुद्याची फी, म्हणून मी गप्प राहिले. लेख छापून आला आणि कुणीतरी संपादकांना कळवलं. पुढच्या अंकात माझा हा संबंध सांगणारी चार ओळींची चौकट आली. लेखातला एक शब्दही चुकीचा नव्हता, तरी त्यानंतर बार रूममध्ये लेखाबद्दल कुणी बोललं नाही, सगळे चौकटीबद्दलच बोलत होते.

तेव्हापासून माझी पद्धत उलटी आहे. लेखाची पहिली ओळ लिहायच्या आधी एक कोरा कागद घ्यायचा आणि मागच्या तीन वर्षांतलं सगळं आठवून लिहायचं. या क्षेत्रातल्या कुणाकडून फी घेतली, कुणाला तोंडी सल्ला दिला, कुठले शेअर्स आहेत, नवरा-बायको, आई-वडील, सासर-माहेर यांपैकी कुणाचा धंदा किंवा नोकरी त्यात आहे, कुठल्या संस्थेचं सभासदत्व आहे, लेखासाठी कुणी पैसे किंवा माहिती पुरवली. म्युच्युअल फंड सोडून द्या, त्यातले शेअर्स तुम्ही निवडत नाही. पतसंस्थेचं कर्जही सोडा, लेख पतसंस्थांवर नसेल तर. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात मेव्हण्याची फाउंड्री असेल आणि लेख भंगाराच्या दरांवर असेल, तर मेव्हणा कागदावर यायलाच पाहिजे. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. पूर्वी मुंबईला जाणारी कामं आता आपल्याच टेबलावर येतात, त्यामुळं हा कागद दरवर्षी लांबत जाणार.

आता लेखाकडं. नवीन माणूस हमखास प्रश्न फार मोठा धरतो. ज्युनिअरनं अंतराच्या नियमाला स्पर्धा अधिनियम, २००२चं कलम ३, म्हणजे स्पर्धेला मारक करारांना मनाई करणारं कलम, लावलं होतं. मी म्हटलं, करार कुठाय? दोन कारखान्यांनी एकत्र बसून उसाचा दर ठरवला किंवा गावं वाटून घेतली, तर कलम ३(३) येईल. सहकारी संस्थाही या कायद्यातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत बसते, त्यामुळं सहकाराच्या नावाखाली सुटका नाही. पण अंतर शासनानं ठरवलंय. तिथं कलम ४९ बघायचं. धोरण आखताना केंद्र किंवा राज्य सरकार स्पर्धा आयोगाचं मत मागवू शकतं, आयोगानं ते ६० दिवसांत द्यायचं असतं आणि ते सरकारवर बंधनकारक नसतं. म्हणजे लेखाचा खरा प्रश्न असा झाला: असं मत मागवलं तर आयोगानं काय काय तपासावं? पंचवीस पानांचा मसुदा चौदा पानांवर आला आणि वाचनीय झाला.

दुसरी खोड म्हणजे आदेश अर्धा सांगायचा. सिमेंट कंपन्यांचं प्रकरण घ्या, आयोगाचं प्रकरण क्रमांक २९/२०१०. जून २०१२ मध्ये आयोगानं सहा हजार कोटींहून जास्त दंड ठोकला आणि पुष्कळ लेख तिथंच संपतात. पण डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या स्पर्धा अपिलीय न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द केला. कारण काय, तर सुनावणीला नसलेल्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगानं पुन्हा आदेश दिला, जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणानं तो कायम केला आणि मामला सर्वोच्च न्यायालयात गेला. इतकं सगळं एका तळटिपेत मावतं. ते नसेल तर संपादक पुढचं पान उलटत नाही, मीही उलटत नाही.

आपण ज्या प्रकरणात वकील होतो त्यावर लिहायचं का? शक्यतो नको. बार कौन्सिलच्या नियमांतला ३६ वा नियम वकिलानं जाहिरात करायला मनाई करतो, आणि स्वतः चालवलेल्या प्रकरणांबद्दल वर्तमानपत्रांत मतं छापून आणायलाही. कायदेविषयक नियतकालिकातला अभ्यासलेख म्हणजे जाहिरात नव्हे, पण लेखक परिचयात 'अमुक खटल्यात यशस्वी बाजू मांडली' असं आलं की गाडी घसरलीच. परिचय दोन ओळींचा ठेवा. शिवाय अशिलानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहेच. आयोगाच्या आदेशाची गोपनीय प्रत हातात आली असेल तर तिच्यातला आकडा लेखात आणायचा नाही. जाहीर प्रतीत जिथं काळं केलंय, तिथं तुम्हीही आंधळेच.

आता हितसंबंधांची घोषणा. ज्युनिअरचा पहिला प्रयत्न असा होता: 'लेखकाचे या क्षेत्राशी काही अप्रत्यक्ष संबंध असू शकतात.' यातून काहीही कळत नाही. 'असू शकतात' म्हणजे काय, आहेत की नाहीत? आम्ही बसून लिहिलं ते असं:

'माझे वडील शिरोळ तालुक्यातील एका सहकारी साखर कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद आहेत. आमच्या कुटुंबाचा ऊस त्याच कारखान्याला जातो व सभासद म्हणून सवलतीच्या दरात साखर मिळते. कोणत्याही कारखान्याचे वकीलपत्र माझ्याकडे नाही. या लेखासाठी कोणीही मानधन दिलेले नाही.'

तो म्हणाला, "पण मॅडम, अंतराचा नियम गेला तर आमचा फायदाच आहे, दुसरा कारखाना जास्त दर देईल. आणि राहिला तर आमचा कारखाना टिकेल. मग माझा हितसंबंध नेमका कुठल्या बाजूला?" प्रश्न बरोबर होता. पण ते गणित आपण घोषणेत सोडवत बसायचं नाही. नातं सांगायचं, व्यवहार सांगायचा, थांबायचं. 'तरीही माझे मत निष्पक्ष आहे' ही ओळ त्यानं लिहिली होती, ती मी खोडली.

पाठवताना एक गफलत होते. बऱ्याच नियतकालिकांत लेख तपासणाऱ्या परीक्षकाला लेखकाचं नाव दाखवत नाहीत. म्हणून नाव, परिचय आणि घोषणा संपादकांच्या पत्रात किंवा वेगळ्या फाइलीत द्यायची, लेखात नाही. वर्डच्या फाइलीत 'प्रॉपर्टीज'मध्ये नाव राहून जातं, तेही पुसा. 'माझ्या आधीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे' हे वाक्य सापडलं तर बदला. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तराला महिने लागतात, दोन आठवड्यांनी फोन करू नका.

मध्येच काही बदललं तर लगेच कळवा. ज्युनिअरचा लेख स्वीकारला गेला, मुद्रितं तपासायला आली, आणि त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं काम माझ्या ऑफिसात आलं. काम माझं, लेख त्याचा, पण तो बसतो माझ्याच ऑफिसात. रात्री साडेनऊला त्याचा फोन. "मॅडम, हेपण लिहायचं का?" मी म्हटलं, अशिलाला विचारून सकाळी सांगते. अशिलाची हरकत नव्हती, फक्त नाव नको म्हणाले. त्यानं संपादकांना दोन ओळी पाठवल्या, आणि घोषणेतल्या वकीलपत्राच्या वाक्यापुढं आणखी एक वाक्य आलं: 'लेख स्वीकारला गेल्यानंतर, मी ज्या कार्यालयात काम करतो तेथे एका साखर कारखान्याचे काम आले आहे.'