मांजरीचं पिल्लू लवकर आणण्याची घाई: या चुका टाळा

मांजरीचं पिल्लू घरी आणायचं किमान वय आठ आठवडे. दहा ते बारा आठवड्यांचं असेल तर आणखी चांगलं. तरीही पाच-सहा आठवड्यांची पिल्लं 'दोन महिन्यांची आहे हो' एवढ्या शब्दावर घरी येतात आणि चार दिवसांत जुलाब लागून मलूल होतात. यातला बराचसा त्रास टाळता येतो.

'लहान आणलं तरच लळा लागतो'

सगळ्यात जास्त पिल्लं याच समजुतीपायी आईपासून लवकर तुटतात. समजूत अगदीच निराधार नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाने माणसाचा हात, आवाज, वास अनुभवला तर ते माणसाळतं. पण त्यासाठी त्याला आईपासून तोडावं लागत नाही. ज्यांच्याकडे पिल्लं झाली आहेत त्यांच्याकडे चौथ्या आठवड्यापासून अधूनमधून जा, पंधरा-वीस मिनिटं पिल्लाला मांडीवर घ्या, आपलं एखादं जुनं सुती कापड त्यांच्या खोक्यात ठेवून या. नंतर तेच कापड पिल्लासोबत घरी आणा.

आई आणि भावंडं जे शिकवतात ते आपल्याला शिकवता येत नाही. खेळताना जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबतो, आई पंजाने दाबून धरते. कुठवर चावायचं हे पिल्लू असंच शिकतं. ही शाळा चुकलेली पिल्लं पुढे हातापायांवर झडप घालतात, लोकर किंवा चादर चोखत बसतात. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सुमारे ५,७०० मांजरांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला.

वय सांगण्यावरून ठरवणं

वय दातांवरून आणि वजनावरून बघा. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात. दाढा पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि आठव्याच्या आसपास दुधाचे सगळे २६ दात पुरे होतात. ओठ हलकेच वर करून वरच्या जबड्यात मागे बघा. तिथे नुसती हिरडी असेल तर पिल्लू अजून लहान आहे.

वजनासाठी किचनचा काटा पुरतो. ढोबळ हिशेब असा, की दर महिन्याच्या वयामागे साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे दोन महिन्यांचं निरोगी पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅमच्या घरात हवं. सगळ्या दाढा आल्या आहेत पण वजन ५०० ग्रॅम, तर वय बरोबर असेल, पण पिल्लू उपाशी किंवा जंतांनी भरलेलं असू शकतं. फुगलेलं पोट आणि वर आलेला पाठीचा कणा दिसला तर शंका पक्की. डोळ्यांच्या निळ्या रंगावर विसंबू नका. तो सहा ते आठ आठवड्यांत बदलू लागतो, पण सयामी जातीच्या मांजरांत कायम राहतो.

आणि एक गोष्ट तिथे थांबून बघाच: पिल्लू स्वतःहून ताटलीतलं खातं का, आणि मातीच्या ट्रेमध्ये जाऊन शी-शू करतं का. दोन्ही जमत नसेल तर दोन आठवड्यांनी या.

'आई टाकून गेली' म्हणून उचलणं

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते हे आपण ऐकत आलोय, पण जिन्याखाली एकटं पिल्लू दिसलं की हेच विसरतो. आई एकेक पिल्लू तोंडात धरून हलवते, मधल्या वेळात बाकीची एकटीच असतात. खायला शोधायलाही ती काही तास जाते. पिल्लू स्वच्छ आहे, पोट गोल आहे, शांत झोपलंय, तर लांब उभं राहून तीन-चार तास वाट बघा. जवळ घुटमळलात तर ती येणार नाही. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हे मात्र खरं नाही. गाडीखाली किंवा पावसात असलेलं पिल्लू बिनधास्त उचलून शेजारच्या कोरड्या जागी ठेवा.

थंडगार, मळलेलं, सतत ओरडणारं पिल्लू मात्र लगेच घ्या. आधी ऊब, मग दूध. हा क्रम उलटला की पिल्लू दगावू शकतं, कारण गार पडलेल्या शरीरात आतडं काम करत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर ते सरकू शकेल. दूध पाजताना ते पोटावर असू द्या. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला स्वतःहून लघवी होत नाही. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालून हलके पुसावं लागतं.

दूध-भात

गायी-म्हशीच्या दुधातली लॅक्टोज साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला पाणी कमी पडायला एक दिवस पुरतो. लहान पिल्लाला मांजरांसाठीची दूध पावडरच द्या. भातातून त्याला लागणारी प्रथिनं आणि टॉरिन (मांसातून मिळणारं अमिनो आम्ल) मिळत नाहीत. टॉरिन कमी पडलं की पुढे हृदय आणि डोळे जातात. नुसतं उकडलेलं चिकन दिलं तर कॅल्शियम अपुरं पडतं. पिल्लांसाठीचं किटन फूड दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पहिला आठवडा ते आधी खात होतं तेच चालू ठेवा, मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला.

लशीआधी मोकळं सोडणं

आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लशीचा परिणाम अडवते, म्हणून एक डोस पुरत नाही. साधारण आठव्या आठवड्याला पहिला, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस बाराव्या आठवड्यापासून. घरात आधीचं मांजर असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि ट्रेही वेगळे.

आधीचं पिल्लू पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. अशा घरात लसीकरण पूर्ण झालेलंच मांजर आणा. फरशी आधी साबणाने धुवून एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या आणि मग स्वच्छ पाण्याने पुसा. फिनाईल वापरू नका. त्याने हा विषाणू मरत नाही, उलट मांजर ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटतं आणि त्यालाच विषबाधा होते.

ट्रेमध्ये ओलं झालं की गोळे बांधणारं लिटर (शी-शूसाठी घालायची विकतची वाळू) चार महिन्यांपर्यंत नको, पिल्लं ते खातात. आणि आणल्यापासून बारा तासांत पिल्लाने काहीच खाल्लं नाही, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याला फोन करा.