साप आत सोडण्याआधी: बॉल पायथनच्या पेटीतली उपकरणं घट्ट बसवण्याची यादी

पूर्ण वाढलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) साधारण चार-साडेचार फुटांचा आणि दीड-दोन किलोचा भरतो. दिवसा तो हाइडमध्ये (लपायच्या बंदिस्त जागेत) वेटोळं घालून पडून असतो, त्यामुळे त्याच्या ताकदीचा अंदाज येत नाही. रात्री दिवे मालवले की हाच साप नाकाने फट न फट चाचपतो, हीटरच्या जाळीला विळखा घालून लोंबतो आणि दगडाखाली डोकं घुसवून तो उचलून पाहतो. खालची तयारी १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या प्लायवुड किंवा पीव्हीसी पेटीसाठी आहे. साप घरी यायच्या निदान पंधरा दिवस आधी ती सुरू करा. त्याआधी कागदपत्रं पूर्ण करा. नाग, धामण, अजगर हे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

सुरुवात थर्मोस्टॅटच्या (हीटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राच्या) प्रोबपासून, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेपासून करा, कारण पेटीतले सगळ्यात वाईट अपघात या बोटभर तारेमुळे होतात. प्रोब जागचा सुटून पाण्याच्या भांड्यात पडला, तर बाष्पीभवनाने थंड राहणारं पाणी थर्मोस्टॅटला ‘अजून गार आहे’ असंच सांगत राहतं आणि हीटर रात्रभर पूर्ण जोराने चालतो. प्रोब गरम बाजूच्या मागच्या भिंतीवर, कोकोपीटच्या थरापासून ५ ते ८ सेंटिमीटर वर, हीटरच्या खालच्या पट्ट्यात बसवा. याहून खाली बसवला तर साप त्यावर अंग टाकतो आणि मोजमाप हवेऐवजी त्याच्या अंगाचं होतं. तारेला दर १० सेंटिमीटरवर स्क्रूची केबल क्लिप लावा, त्यातली एक प्रोबच्या टोकाला अगदी लागून हवी. मग तार दोन बोटांत धरून नीट जोर लावून ओढा. ती जराही सरकली, तर क्लिप बदला.

आतल्या बाजूला चिकटपट्टी अजिबात वापरू नका, मग ती कुठलीही असो. उष्णता आणि दमटपणाने तिची कड सुटते, साप त्यावर घासला की ती खवल्यांना चिकटते आणि सोडवून घेण्याच्या झटापटीत कातडी फाटते. ओढून काढू नका. खाद्यतेल लावून, थांबत थांबत ती सैल करावी लागते. ग्लू गनचा गोंद हीटरजवळ मऊ पडतो, सक्शन कप दमट काचेवरून कधीतरी सुटतोच. स्क्रू, वॉशर आणि ब्रॅकेट यांवरच विसंबा. प्लाय १८ मिलिमीटरचा असेल तर १५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. बाहेरून आत मारलेल्या लांब स्क्रूची टोकं सापाचं पोट चिरतात. केबल टाय वापरलाच तर त्याचं कापलेलं टोक सुरीसारखं धारदार असतं, ते अगदी मुळाशी छाटून कानशीने घासा.

सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्याही वर जातो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. एवढ्या पेटीला १०० वॅटचा हीटर बहुधा पुरतो. त्याच्याभोवतीची जाळी होल्डरला अडकवण्यापेक्षा छताला चार स्क्रू आणि रुंद वॉशरांनी बसवा, कारण तिच्यावर अख्ख्या सापाचं वजन येणार आहे. हीटर आणि जाळी यांत सगळीकडून ५ सेंटिमीटर मोकळं हवं. जाळीचं दार स्प्रिंगच्या कडीने बंद होणारं घ्या, नुसतं दुमडलेलं दार साप नाकाने उघडतो. हीटर तासभर चालवून जाळीवर तळहात टेका. चटका बसला तर मोठी जाळी लागेल. साप भाजत असतानाही बऱ्याचदा जागचा हलत नाही. तो बाजूला होईल यावर भरवसा ठेवू नका. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब आत असेल तर तिलाही जाळी हवीच.

दगड आणि जड हाइड थेट पेटीच्या तळावर ठेवा, कोकोपीट त्यानंतर भरा. उलट केलं तर साप खाली उकरतो आणि दगड त्याच्यावर बसतो. फांदीच्या दोन्ही टोकांना आधी भोकं पाडून बाहेरून वॉशरसह स्क्रू मारा आणि तिच्यावर पाच किलोची तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवा. फांदी आणि हीटरची जाळी यांत ३० सेंटिमीटर अंतर सोडा. पाण्याचं भांडं जड, रुंद बुडाचं आणि गार बाजूला असावं.

वायरसाठी पाडलेल्या भोकात रबरी बुश घाला, उरलेली फट बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने भरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटी उघडी ठेवा. डोकं शिरतं तिथून साप बाहेर पडतो, हे पिल्लू आणायचं असेल तर जास्तच लक्षात ठेवा. सरकत्या काचांना कुलूप लावा. बाहेर वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबू द्या, म्हणजे सांडलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातून खाली ठिबकतं.

आता कापसाचा बोळा घेऊन जाळी, क्लिपा, स्क्रू, फांदी सगळ्यांवरून फिरवा. कापसाचा धागा अडकेल तिथे कात टाकताना साप अंग घासेल आणि खवला अडकेल. तेवढी जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

पेटी रिकामीच तीन दिवस चालवा. गरम बाजू ३१ ते ३३, गार बाजू २५ ते २७ अंश हवी, आणि ती थर्मोस्टॅटला न जोडलेल्या वेगळ्या थर्मामीटरवर मोजा. प्रोब मुठीत धरा: मिनिटभरात हीटर बंद पडला पाहिजे. मेन स्विच बंद करून पुन्हा लावा, कारण काही थर्मोस्टॅट वीज जाऊन आली की ठरवलेलं तापमान विसरतात, आणि आपल्याकडे वीज जातेच. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ३५ च्या वर असते, तेव्हा हीटर बंद ठेवून खोली गार राखण्याची सोय आधी बघा. साप आल्यावर पहिल्या रात्रीनंतर सकाळी प्रोबची क्लिप आणि जाळीचे चारही स्क्रू पुन्हा तपासा, आणि पुढे दर वेळी कात टाकल्यावर.