व्यसनमुक्तीचा पुरुष गट चालवताय? या चुका टाळा

दारू सोडलेल्या पुरुषांचे साप्ताहिक गट मी बरीच वर्षं चालवतोय आणि दुसऱ्यांच्या गटांत मागच्या खुर्चीवर बसून ऐकलंयही भरपूर. चुका त्याच त्या. नुकताच एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेला समुपदेशक असो, सोडून तीन महिने झालेला उत्साही कार्यकर्ता असो, की बायकोनं ढकलून पाठवलेला नवखा, घाई सगळ्यांना सारखीच. वीस वर्षं रोज पिणाऱ्याला वीस दिवसांत 'क्लिअर' व्हायचं असतं. इथे क्रमानं काही लिहिणार नाही. ज्या चुका माझ्या डोक्यात जातात त्या लांबतील, बाकीच्या ओळीभरात उरकेन.

पहिली चूक गटाच्या दाराबाहेरची आहे. रोज पिणारा माणूस "गटाला यायचं म्हणून कालपासून एकदम बंद केली" असं अभिमानानं सांगत येतो. हात थरथरतायत, शर्ट घामानं भिजलाय. सगळे टाळ्या वाजवतात. टाळ्या राहू द्या, त्याला आधी डॉक्टरकडे न्या. शेवटच्या प्याल्यानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस दिवस-रात्र विसरतो. यात जीव जाऊ शकतो. हा आठवडा औषधाचा, बी-वन जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा आणि झोपेचा. गट पुढच्या आठवड्यात आहेच.

आता माझी सर्वात नावडती चूक. पराक्रमकथा.

एका तालुक्याच्या गावी नव्यानं सुरू झालेल्या गटात पाहुणा म्हणून बसलो होतो. दहा-बारा जण, शाळेचा वर्ग, छोटे बाक. रस्त्यांची कामं घेणारा एक ठेकेदार बोलायला उठला. माणूस बोलघेवडा. गोव्याची ट्रिप सांगायला लागला. परतीला पत्रादेवी ओलांडल्यावर तपासणी लागणार म्हणून बाटल्या स्टेपनीखाली कशा लपवल्या, पोलिसाला काय थाप मारली, मग मालवणात रात्रभर कशी बैठक जमली. ब्रँडसकट, किमतीसकट. ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज त्यानं जिभेनं टाळूवर असा हुबेहूब काढला की वर्ग खो खो हसला. गट चालवणारा तरुणही हसत होता. नंतर मला म्हणाला, "बघा सर, कसे मोकळे झाले सगळे."

मी बघत होतो खिडकीजवळच्या पोराकडे. पंचविशीतलं, व्यसनमुक्ती वॉर्डमधून सुटून पंधरवडा झालेलं. ते हसत नव्हतं. तळहात मांड्यांवर पुसत होतं आणि सारखं गिळत होतं. त्या बर्फाच्या आवाजाला त्यानं मान खाली घातली ती प्रार्थना होईपर्यंत वर केली नाही. शाळेतून एसटी स्टँडला जाताना वाटेत परमिट रूम लागते. त्या रात्री ते प्यायलं आणि त्या गटात परत आलंच नाही. पुढच्या आठवड्यात निष्कर्ष निघाला, "त्याची इच्छाशक्तीच कमी होती."

इच्छाशक्तीवर बिल फाडणं सोपं असतं. तलफ हवेतून येत नाही. वर्षानुवर्षं दारूसोबत जे जे होतं, तो रस्ता, तो वास, पगाराची तारीख, चकण्याची प्लेट, ते मित्र, ते सगळं मेंदूनं दारूशी बांधून ठेवलेलं असतं. यातलं काहीही समोर आलं की शरीर आपोआप तयारीला लागतं, तोंडाला पाणी सुटतं. उत्तम रंगवलेली गोष्ट हीसुद्धा समोर आलेली बाटलीच असते. जुन्या माणसाला ती झेपते. नव्याला झेपत नाही, आणि गट नव्यासाठीच असतो.

माझी सवय सांगतो. गोष्टीत झाकण उघडलं की मी हात वर करतो आणि म्हणतो, "दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून सांगा." बस. ब्रँड नाही, माप नाही, आवाज नाहीत. रात्र सगळ्यांना पाठ असते, सकाळ कुणी सांगितलेली नसते. तोच ठेकेदार पुढे माझ्या गटात आला. त्याची मालवणची गाडी मी तिथेच थांबवली. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, घरी पोचलो त्या सकाळी मुलीचा दहावीचा बीजगणिताचा पेपर होता, मी सोडायला जाणार होतो. तिनं मला उठवलं नाही. माझ्या पँटच्या खिशातून रिक्षाचे पैसे घेतले आणि उरलेले टीव्हीवर मोजून ठेवले, नाण्यांची चळत करून. गटात कुणी हसलं नाही. त्याच्यानंतर तिघे बोलले, तिघेही सकाळीबद्दलच.

काहीजण म्हणतात, अशानं गट गंभीर होतो, पोरं येत नाहीत. येतात. चहाच्या वेळी हसायला हरकत नाही.

पुढची चूक सल्ल्याची. "तू असं कर", "माझं ऐक", "माळ घाल, सुटेल". माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गटात समोरचा बोलून संपायच्या आत त्याच्या गळ्यात माळ घालायची गरज नसते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटांची सुरुवातच या चुकीतून बाहेर पडण्यानं झाली. ए.ए.च्या दोन संस्थापकांपैकी एक, न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू., स्वतः सोडल्यावर कित्येक महिने दारुड्यांना गाठून प्रवचन देत होता. एकही टिकला नाही. त्याच्या डॉक्टरांनीच त्याला सांगितलं की उपदेश थांबव. मे 1935 मध्ये धंद्याचं काम फिसकटून तो अॅक्रनच्या हॉटेलात एकटा उभा होता, लॉबीच्या टोकाला बार चालू होता. त्यानं बारकडे न जाता फोन उचलला आणि बोलायला दुसरा पिणारा शोधला. तो निघाला सर्जन डॉ. बॉब. त्याला बिलनं उपदेश केला नाही, स्वतःचं सांगितलं. त्या वर्षीचा 10 जून, डॉ. बॉबच्या शेवटच्या पेयाचा दिवस, हा ए.ए.चा स्थापना दिन धरतात.

म्हणून माझ्या गटात वाक्य 'मी'नं सुरू करायचं. 'तू'नं सुरू झालं की मी टेबलावर बोटानं टकटक करतो. मला स्वतःला दारूचं व्यसन कधी नव्हतं, त्यामुळे सर्वात कमी मीच बोलतो. कोर्स करून आलेल्या नव्या समुपदेशकांना हे जड जातं. त्यांना फळा लागतो, मेंदूचं चित्र लागतं. चित्र वॉर्डच्या लेक्चरमध्ये काढा. गटात उंटावरून शेळ्या हाकू नका.

त्यानंतरची, जी मला सर्वात महाग पडलेली दिसते, ती म्हणजे स्लिप झालेल्या, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायलेल्या, माणसाला गटानं दिलेली वागणूक. वर्ष झालं की आपण वाढदिवस करतो, हार घालतो, त्याला व्यासपीठावर बसवतो. मग तो एखाद्या हळदीत दोन पेग घेतो. आता तोंड कसं दाखवणार? तो लपतो आणि लपला की पीत राहतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी याचा नीट अभ्यास केला. पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरचं "मी असाच, माझं काही होणार नाही" हे मनातलं वाक्य माणसाला पूर्ण बुडवतं, असं त्यांचं म्हणणं. चतुर्थीच्या दिवशी चुकून शेव तोंडात टाकली की "आता मोडलाच उपास" म्हणत जाऊन मिसळ खाणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, तसंच हे.

यावर माझ्याकडे पद्धत-बिद्धत नाही, फोन आहे. गैरहजर माणसाला त्याच संध्याकाळी फोन. प्रश्न तीनच: कुठे आहेस, जेवलास का, उद्या भेटतोस का. प्यायलास का, हे विचारत नाही, ते आवाजावरून कळतंच. तो परत आला की गटानं त्याला त्या दोन पेगबद्दल विचारायचं नाही, आदल्या दिवसाबद्दल विचारायचं. उपाशी होतास? कुणावर चिडला होतास? एकटा होतास? झोप किती झाली? चारांपैकी एक तरी निघतंच. "एवढं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी" असं जो म्हणेल त्याला मी पुढच्या वेळी चहा करायला लावतो.

आता घरच्यांसाठी. बायकोला, आईला कुणीतरी सांगतं, "न सांगता भाजीत गोळी टाका, आपोआप सुटेल." डायसल्फिरामची गोळी असते ती. दारू शरीरात मोडताना तयार होणारं विषारी द्रव्य ती पुढे मोडू देत नाही, त्यामुळे वरून प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदयरोग्याच्या जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध चांगलं आहे, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्याचं. गटात असे पुरुष येतात ज्यांना घरच्या जेवणाची भीती वाटते. तो विश्वास परत यायला दारू सुटण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वहिनी, शॉर्टकट नको. तुमच्यासाठी वेगळे गट असतात, तिथे जा. पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी ए.ए.सारखेच अल-अॅनॉनचे गट आहेत. आणि बांधून ठेवून, मारून दारू सोडवतो म्हणणाऱ्या केंद्रात माणूस टाकू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि साखळीनं बांधायला त्यात सरळ मनाई आहे. कुठे जावं कळत नसेल तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

बाकीच्या भराभर.

कुणी रडायला लागला की पाणी पुढे करू नका, पाठ थोपटू नका, "पुरुषासारखा पुरुष" तर अजिबात नको. केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालानुसार देशात 27.3 टक्के पुरुष दारू पितात आणि 1.6 टक्के स्त्रिया. एवढ्या पुरुषांना रडायला दुसरी जागा नाही. थांबा, तो आपला आपण आवरतो.

लहान गावात गुप्ततेचा नियम दर बैठकीला मोठ्यानं वाचा. सगळे एकमेकांच्या सासुरवाडीला ओळखतात.

गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायचाच तर नाव 'मित्र मंडळ' ठेवा आणि सुविचार बंद करा.

दारू सोडून गुटखा दुप्पट, किंवा रात्रभर ऑनलाइन रमी, हे सोडणं नव्हे. विचारा.

प्यायलेला माणूस गटाच्या वेळी आला तर हाकलू नका, बोलूही देऊ नका. त्याला घरी सोडायचं, एकट्यानं नव्हे, दोघांनी, आणि त्यातला एक जुना हवा.

तीन महिने झालेल्याला लगेच कार्यकर्ता करू नका. त्याला सगळं गुलाबी दिसत असतं, तो दिवसाला चार जणांना वाचवायला निघतो आणि पाचव्याच्या घरी बसतो. खुर्च्या मांडायला द्या. सहा महिने खुर्च्या मांडलेला माणूस टिकतो, असा माझा अनुभव आहे.

आणि सणाच्या दिवशी गट रद्द करू नका. श्रावणाआधीची गटारी, धुळवड, विसर्जन, 31 डिसेंबर, हेच दिवस धोक्याचे. कार्यकर्त्यांनाही घरी जायचं असतं, मला मान्य आहे. म्हणून पाळी आधी लावा. 31 ला आम्ही रात्री आठला बसतो ते साडेबारा वाजेपर्यंत, पोहे-चहा-गाणी चालतात. हॉलची किल्ली कुणाकडे हे 25 तारखेलाच ठरवा, शिपाई त्या रात्री फोन उचलत नाही.