क्यूटीमध्ये लिस्टसाठी स्वतःचं मॉडेल कसं लिहायचं (केळीच्या गाड्यांचं उदाहरण घेऊन)

रावेर-सावदा पट्ट्यात केळी व्यापाऱ्यासाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं की शेठची पहिली मागणी ठरलेली असते, आज भरलेल्या गाड्या समोर दिसल्या पाहिजेत. मग आपण काय करतो, क्यूटीचं (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायचं टूलकिट) क्यूलिस्टविजेट, म्हणजे तयार यादीचा डबा, टाकतो, लूप फिरवतो, प्रत्येक गाडीची एक स्ट्रिंग बनवून आत ढकलतो. वीसेक गाड्या असतील आणि नुसतं बघायचंच असेल तर चालून जातं भो, उगाच मॉडेल लिहीत बसू नका. पण संध्याकाळी वजन बदलतं, भावावरचा फरक लावायचा राहिलेला असतो, नवती (चांगला माल) म्हणून टाकलेला माल वापसीत (हलक्या प्रतीत) जातो, आणि तुमच्याकडे तीच माहिती दोन जागी पडलेली असते, एक तुमच्या लिस्टमध्ये आणि एक विजेटमध्ये. ते दोन्ही जुळवत बसण्यापेक्षा माहिती एकाच जागी ठेवून दाखवणाऱ्या विजेटला (त्याला व्ह्यू म्हणतात) पुरवणारं मॉडेल, म्हणजे क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेल बरं.

मी पायथन आणि पायसाइड ६ (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) धरून सांगतो, सी प्लस प्लसवाल्यांना फंक्शनची नावं तीच.

क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टलिस्टमॉडेलवरून आपला क्लास काढा, आत गाड्यांची साधी पायथन लिस्ट ठेवा, एका गाडीचा एक ऑब्जेक्ट: गाडी नंबर, शेतकरी, माल, क्विंटल, भाव. लिहावीच लागणारी फंक्शन दोनच, रोकाउंट आणि डेटा. रोकाउंटमध्ये लिस्टची लांबी द्या, फक्त पॅरेंट व्हॅलिड असेल, म्हणजे एखाद्या ओळीखालच्या ओळी विचारल्या असतील, तर शून्य द्या, कारण लिस्टमधल्या ओळीला पोटओळी नसतात.

खरी गंमत डेटामध्ये आहे. व्ह्यू स्वतःकडे काहीच साठवत नाही, तो ओळ रंगवताना दरवेळी मॉडेलला विचारतो आणि एकाच ओळीबद्दल बऱ्याच वेळा विचारतो: मजकूर काय, आयकॉन काय, रंग कुठला, चेकबॉक्स आहे का. यालाच रोल म्हणतात. म्हणून आधी रोल तपासायचा, डिस्प्लेरोल असेल तर मजकूर, ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही त्याला नन (None). रोल न बघता सगळ्यांना काहीतरी परत दिलं की विचित्र प्रकार होतात, चेकस्टेटरोलला शून्य गेला तर प्रत्येक ओळीपुढे रिकामा चेकबॉक्स उगवतो आणि माणूस तासभर शोधत बसतो हा आला कुठून. अजून एक, डेटामध्ये डेटाबेसची क्वेरी अजिबात नको, स्क्रोल केलं तरी ते फंक्शन धडाधड चालतं.

यूजररोल म्हणजे २५६, तिथून पुढचे नंबर आपले. एकावर क्विंटल आकडा म्हणून द्या, एकावर सरळ गाडीचा ऑब्जेक्ट. दिसणारी स्ट्रिंग स्प्लिट करून त्यातून वजन काढणारा कोड कुणी लिहिलेला दिसला तर समजून जा, यूजररोल माहीतच नाही.

आता नवीन गाडी आली. नुसतं अपेंड केलं तर व्ह्यूला पत्ताच लागत नाही. आधी बिगिनइन्सर्टरोज, मग अपेंड, मग एंडइन्सर्टरोज, हाच क्रम. पहिला आणि शेवटचा असे दोन नंबर द्यायचे असतात आणि शेवटचा धरून मोजतात, म्हणजे शेवटी एकच ओळ टाकायची असेल तर दोन्हीकडे सध्याची लांबी. काढताना बिगिनरिमूव्हरोज, आणि एकदम चार-पाच ओळी काढायच्या असतील तर खालून वर या, नाहीतर नंबर सरकतात. काही लोक दरवेळी बिगिनरिसेटमॉडेल करून मोकळे होतात, चालतं, पण मुनीम एखाद्या गाडीचं वजन टाइप करत असताना दुसरी गाडी आली की सिलेक्शनही गेलं आणि उघडलेला एडिटरही. मुनीम काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही.

वजन तिथल्या तिथं बदलता यावं म्हणून फ्लॅग्जमध्ये आयटमइजएडिटेबल जोडा, सेटडेटा लिहा, बदल झाला की डेटाचेंज्ड एमिट करा (म्हणजे व्ह्यूला बदल कळवा) आणि ट्रू परत द्या. डेटामध्ये एडिटरोलचंही उत्तर द्यायला विसरू नका, नाहीतर डबल क्लिकवर एडिटर रिकामा उघडतो. वजनकाट्यावरून सीरियल पोर्टने आकडा येत असेल तर तो वेगळ्या थ्रेडमध्ये वाचा, पण मॉडेलला हात मेन थ्रेडमधूनच, मध्ये सिग्नल (क्यूटीचा निरोप) ठेवा.

शोधायला आणि क्रम लावायला क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल तयार आहे, ते आपलं मॉडेल आणि व्ह्यू यांच्या मध्ये बसतं, स्वतः लिहू नका. सेटसॉर्टरोलला क्विंटलवाला यूजररोल द्या, कारण स्ट्रिंग म्हणून लावलं तर १२० आधी येतो आणि ९५ नंतर. सॉर्ट एकदा स्वतः कॉल करावं लागतं. आणि प्रॉक्सी मध्ये आली की व्ह्यूकडून मिळणारा इंडेक्स (ओळीचा पत्ता) प्रॉक्सीचा असतो, मॅपटूसोर्सने मूळ मॉडेलचा इंडेक्स न काढता तो वापरला तर रावेरची गाडी सिलेक्ट करून यावलची डिलीट होते. टेस्टिंगला हे सापडत नाही, कारण तेव्हा फिल्टर लावलेलाच नसतो.

क्यूटी ५.११ पासून टेस्ट मॉड्यूलमध्ये क्यूअ‍ॅबस्ट्रॅक्टआयटममॉडेलटेस्टर आहे, तो आपल्या मॉडेलला जोडून ठेवला की बिगिन-एंडची चूक लगेच ओरडून सांगतो. मागच्या सीझनच्या सगळ्या पावत्या एकाच लिस्टमध्ये दाखवायच्या असतील तर व्ह्यूवर सेटयुनिफॉर्मआयटमसाइजेस ट्रू करा, सगळ्या ओळी सारख्या उंचीच्या असतील तरच, आणि तरी जड वाटलं तर कॅनफेचमोर-फेचमोर लिहून शे-दोनशेच्या टप्प्याने ओळी आणा, त्यातही तेच बिगिनइन्सर्टरोज लागतं.