ब्लू-रे प्लेयर घेताना आणि जोडताना या चुका टाळा

गोव्यातल्या कितीतरी घरांत सिनेमाच्या डिस्क बाहेरून येतात. कोणी आखातातून सुट्टीवर येताना आणतो, कोणी बोटीवरून उतरताना, कोणी लिस्बन किंवा लंडनहून. म्हणून दोन प्लेयरची तुलना करायची तर किंमत आणि कंपनी नंतर. आधी आपल्याकडच्या डिस्क कुठल्या आहेत आणि टीव्ही कोणता आहे, ते बघा.

खोक्यावरच्या ‘४के’ला भुलणे

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. ४के म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचे चित्र. ‘४के अपस्केलिंग’ लिहिलेला प्लेयर साध्या ब्लू-रेचे चित्र मोठे करून ४के टीव्हीला देतो. त्यात ४के डिस्क घातली तर ती चालणारच नाही. खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ (४के डिस्कचे अधिकृत नाव) असे स्पष्ट हवे. प्लेस्टेशन ४ प्रोचेही तेच, खेळ ४के पण डिस्क फक्त साधी ब्लू-रे. डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स मात्र या डिस्क चालवतो. मुलांसाठी तो आधीच घेतलेला असेल तर वेगळ्या प्लेयरची घाई करू नका. डिस्कवरचे डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड आणि रंग जुळवणारी चित्राची पद्धत) तेवढे त्यातून मिळत नाही.

रीजन आणि व्होल्टेज न बघणे

साध्या ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग, म्हणजे रीजन, केलेले आहेत; एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेयरमध्ये सहसा चालत नाही. अमेरिका ए, युरोप आणि आखात बी, भारत सी. म्हणजे दुबईहून किंवा पोर्तुगालहून आणलेली बी रीजनची डिस्क पणजीत घेतलेल्या प्लेयरमध्ये अडू शकते, आणि तिथून आणलेल्या प्लेयरमध्ये इथली डिस्क. डीव्हीडीचे आकडे वेगळे: भारत ५, आखात आणि युरोप २, अमेरिका १. डीव्हीडीचे कुलूप बऱ्याच प्लेयरमध्ये रिमोटवरून उघडता येते, ब्लू-रेचे सहसा नाही. अल्ट्रा एचडी डिस्कना मात्र रीजनची अडचण नाही. बाहेरून कोणाला डिस्क आणायला सांगणार असाल तर हीच सांगा. फक्त त्याच खोक्यात येणारी दुसरी, साधी ब्लू-रे रीजनमुळे अडू शकते.

प्लेयरच बाहेरून येणार असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. ‘११०–२४०’ असेल तर फक्त पिन बदलायचा अडॅप्टर पुरतो. अमेरिकेतून आणलेल्यावर नुसते ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल; स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

चित्र काळपट दिसते म्हणून प्लेयरला दोष देणे

यात बहुतेक वेळा सेटिंग चुकलेले असते. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेयर लावला आहे, त्या पोर्टचे पूर्ण क्षमतेचे सेटिंग चालू करावे लागते. सोनीत ते ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ अशा नावाने सापडेल. ते बंद असेल तर एचडीआर (उजळ आणि गडद भागांतला जास्तीचा फरक दाखवणारे चित्र) पूर्ण उतरत नाही.

सोनीच्या यूबीपी-एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन मेनूतून हाताने चालू-बंद करावे लागते. चालू ठेवून साधी एचडीआर डिस्क लावली तर रंग भलतेच दिसतात. पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० डिस्क ओळखून आपोआप बदलतो. शिवाय त्यात एचडीआर ऑप्टिमायझर आहे. टीव्हीचा उजेड बेताचा असेल तर उजळ भागांतला तपशील तो सांभाळतो. मध्यम दर्जाचा टीव्ही असलेल्याने जादा पैसे मोजायचे तर याच गोष्टीसाठी मोजावेत, असे मला ठामपणे वाटते. टीव्ही सॅमसंगचा असेल तर डॉल्बी व्हिजनसाठी पैसे देऊ नका, त्या टीव्हीत ते नसतेच. त्याऐवजी एचडीआर१०+ (डॉल्बी व्हिजनसारखीच दुसरी पद्धत) बघा. यूबी८२० मध्ये ते आहे, एक्स७०० मध्ये नाही.

आवाज

ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी ट्रूएचडी (डिस्कवरचा उच्च दर्जाचा आवाज) जात नाही. साउंडबारला एचडीएमआयनेच जोडा, आणि टीव्हीमार्गे न्यायचे असेल तर दोन्हीकडे ईएआरसी (टीव्हीतून पूर्ण दर्जाचा आवाज साउंडबारला परत देणारी एचडीएमआयची सोय) हवे. प्लेयरमधले ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करायला विसरू नका, नाहीतर अ‍ॅटमॉस (वरून आणि चहूबाजूंनी येणारा डॉल्बीचा आवाज) उतरत नाही. घरचा रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) जुना असेल तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेयर घ्या, म्हणजे चित्र थेट टीव्हीला आणि आवाज रिसीव्हरला जातो. वरच्या दोन्ही मॉडेलांत ही सोय आहे.

जुना प्लेयर न तपासता घेणे

ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये प्लेयर बनवणे थांबवले, तरी त्यांचे चांगले प्लेयर हातोहात विकले जातात. घेताना १०० जीबीची डिस्क लावून बघा. तिच्यात तीन थर असतात आणि लेसर कमजोर असला की ती अडखळते. फर्मवेअर (प्लेयरमधले सॉफ्टवेअर) ताजे करून घ्या, कारण नवी डिस्क उघडत नसेल तर पुष्कळदा कारण तेवढेच असते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्या हवेतली ओल डिस्कच्या खोक्यांतल्या कागदांवर बुरशी आणते, कधी लेन्सवरही. खोकी भिंतीला टेकवून ठेवू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. एसीच्या खोलीतला प्लेयर चवथीला गावच्या घरी नेलात तर लगेच डिस्क घालू नका. लेन्सवर दव धरते, तासभर तसाच राहू द्या. डिस्क मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नव्हे. लेन्स साफ करायच्या ब्रशवाल्या डिस्क वापरू नका. सोनी तर माहितीपुस्तिकेतच त्या वापरू नका म्हणून सांगते.