दहा नॉटच्या पट्ट्यात या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पहिल्यांदाच निघालेल्या आपल्याकडच्या थर्ड ऑफिसरांसाठी हे लिहितोय. तिथल्या बहुतेक मोठ्या बंदरांच्या तोंडाशी हिवाळ्यात राइट व्हेल या दुर्मिळ देवमाशांसाठी 65 फूट आणि त्याहून लांब जहाजांना 10 नॉटची (तासाला 10 सागरी मैल) वेगमर्यादा असते. नियम 2008 चा. चुकाही तेव्हापासूनच्याच.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पाण्यातल्या लॉगवर, म्हणजे पाण्याच्या तुलनेत वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा बघून निवांत होणं. मर्यादा ओव्हर ग्राउंड, म्हणजे जमिनीच्या तुलनेतल्या, वेगाला आहे, आणि एआयएसवरून (जहाजाची जागा-वेग आपोआप कळवणारी यंत्रणा) किनाऱ्यावर तोच दिसतो. तिथल्याच सव्हाना बंदराला शिरताना मागून भरतीचा जोर होता. लॉग दहाच्या आत, जीपीएस अकराच्या वर. विचारलं तर ड्यूटीवरचा पोरगा म्हणतो, "सर, दहाच तर आहे!" मग इंजिन रूमला फोन, पण एवढं मोठं इंजिन स्कूटरसारखं पटकन उतरत नाही. कहर पुढेच. हेच पोरगं साहेब लॉगबुकात 'खराब हवामान' लिहायला निघाले, समुद्र ताटासारखा सपाट असताना. सूट मिळते ती जहाज सांभाळणंच कठीण झालं तर. त्यासाठी कारण, वेग, जागा, वेळ लिहून कॅप्टनची सही लागते. कॅप्टनने सही केली नाही, बरं झालं.

माझी सवय: हद्दीच्या तासभर आधी चार्टवर रेघ, तिथूनच इंजिन रूमला कळवायचं आणि जीपीएसवर साडेनऊ धरायचे. पोहोचायची वेळ बंदर सोडतानाच त्या हिशोबाने द्यायची, म्हणजे शेवटी घाई नाही.

"व्हेल बाजूला होईल." नाही होत. आई-पिल्लू पाण्याच्या वरच्या थरातच विसावतात, पाठीवर परही नसतो, त्यामुळे काळं अंग लाटेत हरवतं.

हॉर्न वाजवून पळवू म्हणणाऱ्या उतावळ्यांनी ऐकावं: कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात इशाऱ्याचा आवाज ऐकवल्यावर राइट व्हेल उलट वर येऊन पृष्ठभागाखालीच पोहत राहिले. म्हणजे थेट जहाजाच्या टप्प्यात.

रात्री व्हेल शोधायला रडारवर भरवसा नको.

राइट व्हेल दिसला तर 500 यार्ड लांब. फोटो नंतर.

अमेरिकेबाहेरही लक्ष ठेवा: श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंड्रा हेडजवळ, ब्लू व्हेल असतात. एमएससी ही जहाज कंपनी 2022 पासून तिथे आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून नेते. तुमची कंपनी नेत नसेल, तरी पॅसेज प्लॅन (प्रवासाचा मार्ग) करताना कॅप्टनला विचारून बघा.