नव्या संगणकावर स्टुडिओ हलवताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीच्या गाण्यांच्या घाईत मी नवा पीसी घेतला आणि जुना त्याच दुकानात एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा झालो. द्यायच्या आधी 'सगळं' कॉपी केलं होतं. सगळं म्हणजे 'गाणी' नावाचं एक फोल्डर. रात्री घरी येऊन प्रोजेक्ट उघडला. ट्रॅक जागच्या जागी, फेडर तसेच, रंगसुद्धा तेच. प्ले दाबलं तर नुसती मेट्रोनोमची टिकटिक. ढोल गप्प, हार्मोनियमच्या जागी 'प्लगिन मिसिंग' (प्लगिन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेलं वाद्य किंवा इफेक्ट) आणि गायिकेचे दोन्ही अंतरे गायब. ते टेक मी प्रोजेक्ट सेव्ह करायच्या आधी घेतले होते. सॉफ्टवेअरने ते स्वतःच्या कुठल्याशा फोल्डरात टाकले आणि जुन्या मशीनची डिस्क तोवर दुकानदाराने फॉरमॅटही केली होती. बाईंना परत बोलावलं. आल्या बिचाऱ्या, गायल्याही, पण पहिल्या दिवशीचा तो अंतरा काही परत आला नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तरी मशीन बदललंय किंवा बदलायच्या बेतात आहेत. त्या सगळ्यांना मी आधी एकच विनवणी करतो: जुनं मशीन महिनाभर तरी घरात ठेवा, चालू स्थितीत. खालच्या बहुतेक चुका ते समोर असलं तर दहा मिनिटांत निस्तरतात.

प्रोजेक्ट फाइलवर भरवसा

प्रोजेक्टची फाइल किती मोठी आहे ते बघा, काही एमबीच भरते. तिच्यात आवाज नसतोच. कुठला आवाज कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात आहे, याची ती यादी असते. पत्ता बदलला की यादी निरुपयोगी. म्हणून फाइल कॉपी करण्याआधी जुन्या मशीनवरच सगळं एका ठिकाणी गोळा करायचं. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. एबलटन लाइव्हमध्ये फाइल मेनूत 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' आहे. क्युबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'. एफएल स्टुडिओत एक्स्पोर्टखाली 'झिप्ड लूप पॅकेज', लॉजिकमध्ये 'कन्सॉलिडेट'. रीपरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना 'कॉपी ऑल मीडिया इनटू प्रोजेक्ट डिरेक्टरी'वर टिक करायची. एफएल वापरणाऱ्यांनी 'रेकॉर्डेड' फोल्डरही बघावं, कारण प्रोजेक्टसाठी वेगळं फोल्डर ठरवून दिलं नसेल तर माइकवरचे टेक तिथे साठत राहतात.

हे करूनही कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरच्या (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या प्लगिनच्या) आतले आवाज सोबत येत नाहीत. तबला, तंतुवाद्यं, ऑर्केस्ट्रा यांच्या लायब्ऱ्या स्वतंत्रपणेच न्याव्या लागतात. त्या पुन्हा डाउनलोड करायची गरज नाही. फोल्डर कॉपी करा आणि कॉन्टॅक्टच्या कंपनीच्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये नवा पत्ता दाखवा. फक्त ज्या पेन ड्राइव्हवरून नेणार तो फॅट३२ नसावा, कारण त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही आणि लायब्ऱ्यांच्या फाइली बऱ्याचदा त्याहून मोठ्या असतात. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालवायचं असेल तर एक्सफॅट करा. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही.

विंडोजवाल्यांसाठी एक फार सोपी युक्ती. जुन्या मशीनवर सॅम्पल ई ड्राइव्हवर असतील, तर नव्या मशीनवरही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला ई हेच अक्षर द्या. निम्मे प्रोजेक्ट काही न विचारता उघडतील. ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर एक अख्खा रविवार वाचला असता.

'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलंय ना, मग झालं

नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हच्या ताब्यात जातं. मॅकवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर आयक्लाउड तेच करतं. फाइलचं नाव दिसतं, पण फाइल ढगात. प्रोजेक्ट उघडताना अडकायला लागला तर आधी हे तपासा आणि संगीताची सगळी फोल्डरं तिथून बाहेर काढा.

लायसन्स जुन्या मशीनवर अडकणं

लायसन्स बहुतेकदा मशीनला बांधलेलं असतं. मॅकच्या मायग्रेशन असिस्टंटने सगळं जसंच्या तसं आणलं तरी प्लगिन नव्या मशीनला ओळखत नाहीत. म्हणून जुन्यावर बसून डीॲक्टिव्हेट करायचं. आयलॉक (प्लगिनची लायसन्स सांभाळणारी सेवा) असेल तर लायसन्स मॅनेजर उघडून बघा, लायसन्स यूएसबी चावीवर आहे, क्लाउडवर आहे की त्या मशीनवर. चावीवर असेल तर काढा आणि नव्याला लावा. मशीनवर असेल तर ते आधी तिथून सोडवून घ्या. एबलटन लाइव्ह दोन संगणकांवर ऑथराइझ होतं. क्युबेस १२ पासून, म्हणजे २०२२ पासून, डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) गेला आणि तीन संगणकांवर चालवायची मुभा आली. त्याआधीचं क्युबेस वापरत असाल तर तो डोंगल तळहातावरच्या फोडासारखा जपा, कारण त्यामागची ईलायसेन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली.

क्रॅकवाल्यांना, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना, काय सांगणार? त्यांचं गाऱ्हाणं ऐकायलाही कुणी नाही.

प्लगिनचं फोल्डर उचलून चिकटवणं

सी ड्राइव्हवरच्या 'कॉमन फाइल्स'मधलं 'व्हीएसटी३' फोल्डर उचललं आणि नव्याकडे टाकलं, की यादीत नावं दिसतात, म्हणून माणूस फसतो. बऱ्याच प्लगिनच्या नोंदी, प्रीसेट आणि लायसन्सच्या फाइली भलतीकडेच असतात. इन्स्टॉलरनेच टाका. स्वतः बनवलेले प्रीसेट तेवढे हाताने न्या. मॅकवर ते लपवलेल्या 'लायब्ररी'त असू शकतात. फाइंडरचा 'गो' मेनू ऑप्शन कळ दाबून उघडला की ती दिसते.

जुनी ३२ बिटची फुकट सिंथ (सिंथेसायझर प्लगिन) असतील तर लाइव्ह आणि क्युबेस ती घेणार नाहीत. एफएल आणि रीपर विंडोजवर अजून ब्रिजने (३२ आणि ६४ बिटमधल्या दुभाष्याने) चालवतात. इंटेलवरून अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर गेलात आणि लाइव्हला एखादं प्लगिन दिसेना, तर अ‍ॅपच्या 'गेट इन्फो'त 'ओपन युजिंग रोझेटा'वर (इंटेलसाठीचं सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवणारी सोय) टिक करून बघा. पण ही उसनी काठी आहे, मॅकओएस २७ नंतर रोझेटा जवळजवळ बंद करणार असल्याचं अ‍ॅपलने जाहीर केलंय. आणि स्नॅपड्रॅगनचा (आर्म चिपवर चालणारा विंडोज) लॅपटॉप घ्यायच्या आधी ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि संगणक यांना जोडणाऱ्या डब्याचा) आर्म ड्रायव्हर निघालाय का ते बघा. बाकीचं बहुतेक सॉफ्टवेअर एम्युलेशनवर (दुसऱ्या चिपची नक्कल करून) धावतं, ड्रायव्हर नाही.

वाजतंय, पण सूर चढलाय

माझ्या एका मित्राने फोन केला, "अरे, अभंग पळतोय." प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ, गाणं ४४.१ ला रेकॉर्ड केलेलं आणि आयात करताना कन्व्हर्टच्या प्रश्नाला त्याने 'नको' म्हटलं होतं. अशा वेळी चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं आणि सूर जवळजवळ दीड सेमिटोन (अर्धस्वर) वर चढतो. काळी १ मध्ये गायलेलं पांढरी २ आणि काळी २ च्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. ना तानपुऱ्याला जुळत, ना पेटीला. प्रोजेक्ट, फाइल आणि इंटरफेस तिन्हींचा आकडा एकच ठेवा.

चर्रर्र आवाज येत असेल तर आधी आउटपुट बघा. नवा पीसी हमखास स्वतःच्याच साउंड कार्डवर जातो. तिथे इंटरफेसच्या कंपनीचा आसिओ (विंडोजवर आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर निवडा. रेकॉर्डिंगला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलचा ठेवला तर ४४.१ वर तो सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो, मिक्सिंगला खुशाल १०२४ करा. इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट मशीनला लावा.

आणि जुनं मशीन द्यायच्या आदल्या रात्री, ज्या गाण्यांचं पुन्हा काम निघू शकतं त्यांचा प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून २४ बिट वेव्हमध्ये बाहेर काढून ठेवा. फोल्डरच्या नावातच पट्टी आणि लय लिहा: 'काळी १, ९२ बीपीएम'.